करवीर, अर्क आणि शुक्राणूंची गती

देवळाच्या आवारात फुललेली कण्हेर, शनिवारी मारुतीच्या गळ्यात पडणारी रुईच्या पानांची माळ आणि मुलांच्या खेळातल्या बिट्ट्या, यांत वरवर पाहता काही नाते दिसत नाही. वनस्पतिशास्त्राने मात्र या तिन्ही झुडपांना आज एकाच ॲपोसायनेसी कुलात बसविले आहे आणि रसायनशास्त्राने तिघांतही एकाच जातीचे विष दाखवून दिले आहे. कण्हेरीतील ओलिअँड्रिन, बिट्टीतील थेवेटिन व पेरुव्होसाइड, रुईच्या चिकातील कॅलोट्रॉपिन ही सर्व द्रव्ये ‘कार्डियाक ग्लायकोसाइड्स’ या वर्गात मोडतात. पाश्चात्य वैद्यकातील डिजिटॅलिस याच वर्गातले. आपल्या कोकणपट्टीत वाळूत उगवणारा रानकांदाही याच परिवाराचा, फक्त त्याच्या रेणूतील लॅक्टोनचे कडे पाचऐवजी सहा अणूंचे असते.

प्राचीनांना या विषाची ओळख चांगलीच होती. सुश्रुतांनी कल्पस्थानात करवीराची गणना ‘अश्वमार’ या नावाने मूलविषांत केली. घोड्यासारखे बलाढ्य जनावर ज्याने मरते ते, हे नावच पुरेसे बोलके आहे. चरकांनी त्याच करवीराला कुष्ठघ्न महाकषायात स्थान दिले. रसतरंगिणीकारांनी अर्कक्षीर व करवीर ही दोन्ही उपविषांत सांगितली. या द्रव्यांचा हृदयावरील परिणाम आजच्या वैद्याला ठाऊक असतो. शुक्राणूवरील परिणाम मात्र गेल्या तीसेक वर्षांत उलगडला आणि त्याची वार्ता आपल्या क्षेत्रात अर्धवट स्वरूपात पोहोचली आहे. उंदरांवरील प्रयोगांचे हवाले देऊन कण्हेर, बिट्टी वा रुईपासून पुरुषांसाठी गर्भनिरोधक तयार करता येईल, असा विचार अधूनमधून मांडला जातो. हा विचार कोठे घसरतो, आणि वंध्यत्वाची चिकित्सा करणाऱ्या वैद्याला या संशोधनातून खरोखर काय घ्यावयाचे आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक शब्दविवेक आवश्यक वाटतो. ‘कार्डियाक’चे भाषांतर ‘हृद्य’ असे केलेले काही लेखांत आढळते. चरकोक्त हृद्य महाकषायातील दहा द्रव्ये आठवून पाहावीत : आम्र, आम्रातक, लकुच, करमर्द, वृक्षाम्ल, अम्लवेतस, कुवल, बदर, दाडिम, मातुलुंग. सारी आंबट फळे! त्यांत ना करवीर, ना अर्क. मनाला व हृदयाला रुचणारे ते हृद्य. हृदयाची गती रोखण्याचे सामर्थ्य असलेले विष हृद्य नव्हे. अर्जुनाचाही येथे संबंध नाही. त्याच्या सालीतील प्रमुख घटक ट्रायटर्पिनॉइड व टॅनिन वर्गातले आहेत. म्हणून या लेखात ग्लायकोसाइड हाच रूढ शब्द ठेवला आहे.

पेशीच्या दारातील पंप

1785 साली इंग्लंडमधील विल्यम विदरिंग या वैद्याने फॉक्सग्लव्ह वनस्पतीच्या उपयोगावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा ती जलोदर-शोथात उतार देते एवढेच त्याला दिसले होते. ती नेमके काय करते, याचे उत्तर मिळण्यास पुढे पावणेदोनशे वर्षे लागली. 1953 साली शात्झमान यांनी रक्तातील तांबड्या पेशींवर प्रयोग करून दाखविले की, ही द्रव्ये पेशीतून सोडियम बाहेर टाकण्याची क्रियाच बंद पाडतात. 1957 साली डेन्मार्कचे येन्स स्काऊ यांना खेकड्याच्या मज्जातंतूंत ते काम करणारे विकर सापडले. त्या शोधासाठी त्यांना 1997 मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

हे विकर म्हणजे पेशीच्या भिंतीत बसविलेला पंपच होय. एटीपीचा एक रेणू खर्चून तो तीन सोडियम आयन बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आयन आत घेतो. पेशीबाहेर सोडियम अधिक, आत कमी, ही जी उतरंड त्यामुळे तयार होते, तिच्यावर पेशीचे इतर अनेक व्यवहार चालतात. धरणातील पाण्याच्या उंचीवर जशी पाणचक्की फिरावी, तसा प्रकार. सोडियम आत येताना त्या बदल्यात आम्लता बाहेर जाते आणि कॅल्शियमही बाहेर जातो. ग्लायकोसाइडचा रेणू या पंपाला बाहेरून चिकटला की पंप थांबतो, आत सोडियम साठतो आणि कॅल्शियमचे बाहेर जाणे मंदावते. हृदयाच्या स्नायूत साठलेला हा कॅल्शियम आकुंचनाला बळ देतो. औषधी गुण येतो तो येथून. मात्रा किंचित ओलांडली की हृदयाचा ठेका चुकतो, आणि तेच विष.

येथे पोटॅशियमची एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा उपयोग आहे. पोटॅशियम व ग्लायकोसाइड हे पंपाच्या बाबतीत एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत. रक्तातील पोटॅशियम घटला की ग्लायकोसाइड अधिक घट्ट चिकटते, आणि कालपर्यंत सोसणारी मात्रा आज विषारी ठरते.

शुक्राणूचा स्वतःचा पंप

पंपाचा मुख्य घटक ‘अल्फा’ या प्रथिनाचा असून त्याचे प्रकार आहेत. अल्फा-1 बहुतेक सर्व पेशींत असतो; अल्फा-2 व अल्फा-3 स्नायू, हृदय व मज्जासंस्थेशी निगडित आहेत. 1994 साली अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात शाम्राज व लिंग्रेल यांना चौथा प्रकार सापडला, आणि तो वृषणात व्यक्त होतो असे आढळले. हा अल्फा-4 प्रौढ शुक्राणूत, मुख्यतः शेपटीच्या मधल्या भागात, आढळतो. शेपटीला हलविणारी ऊर्जा जेथे तयार होते, तो हाच भाग.

एवढ्या चिमुकल्या पेशीला स्वतंत्र पंप का लागावा? शुक्राणूचा प्रवास पाहिला तर उत्तर मिळते. अधिवृषणात तो जवळजवळ निश्चल असतो. स्त्रीशरीरात शिरल्यावर भोवतालची आम्लता, क्षार, प्रथिने सारे बदलते. तेथे त्याला आतली आम्लता घटवावी लागते. ती घटली की शेपटीतील कॅल्शियमची खास द्वारे उघडतात आणि शेपटी चाबकासारखी जोरात फटकारू लागते. बीजाला भेदण्याची पात्रता येण्याच्या या अवस्थेस कपॅसिटेशन म्हणतात. या साऱ्या घडामोडींसाठी सोडियमची उतरंड भक्कम असावी लागते. शिवाय प्रौढ शुक्राणू नवी प्रथिने जवळजवळ तयार करू शकत नाही. जो पंप बंद पडला, त्याच्या जागी दुसरा बसविण्याची सोय त्याच्यापाशी नाही.

2000 साली लिंग्रेल यांच्याच प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झालेल्या कार्यात, उवाबाइन या ग्लायकोसाइडने अल्फा-4 रोखला की अल्फा-1 चालू असूनही शुक्राणूंची गती खालावते, असे दिसून आले. (उवाबाइन हे पूर्व आफ्रिकेतील शिकारी बाणांना लावीत असलेल्या विषातील द्रव्य, त्याचे नावही तिकडील सोमाली भाषेतून आलेले.) 2011 साली कॅन्सस विद्यापीठातील ग्युस्ताव्हो ब्लँको व सहकाऱ्यांनी अल्फा-4 चे जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांतील माद्या सुखरूप प्रसवल्या. नर मात्र पूर्णतः वंध्य निघाले. त्यांच्या शुक्राणूंची गती अत्यंत मंद होती, शेपटी आकड्यासारखी वाकलेली होती, आणि काचपात्रात बीजाशेजारी ठेवूनही फलन झाले नाही. उलटपक्षी, ज्या उंदरांत अल्फा-4 नेहमीपेक्षा अधिक निर्माण होईल अशी योजना केली, त्यांचे शुक्राणू अधिक चपळ आढळले. एकच घटक वजा केला तर गती जाते, वाढविला तर वाढते. कार्यकारणभावाचा याहून स्पष्ट पुरावा जीवशास्त्रात क्वचितच मिळतो.

मानवी शुक्राणूतही अल्फा-4 आहे आणि तो उवाबाइनला संवेदनशील आहे, हे 2006 पर्यंत सिद्ध झाले होते. तथापि चित्र अगदी सरळ रेषेचे नाही. त्याच वर्षी वळूच्या शुक्राणूंवरील एका कार्यात उवाबाइनमुळे कपॅसिटेशनची चिन्हे उलट लवकर उमटलेली आढळली. म्हणजे हा पंप केवळ क्षार उपसत नाही, पेशीच्या आत संदेशही पोहोचवितो. म्हणून ‘ग्लायकोसाइड म्हणजे शुक्राणूनाशक’ असे सरधोपट समीकरण मांडणे योग्य होणार नाही.

उंदराची साक्ष

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कण्हेर-बिट्टीचा अर्क उंदरांना काही आठवडे द्यावा, शुक्राणूंची संख्या व गती घटलेली दिसावी, उंदीर मात्र धडधाकट राहावेत, आणि त्यावरून ‘निर्धोक, वनस्पतिजन्य, पुरुषांसाठी’ असा निष्कर्ष निघावा, ही मांडणी वाचताना पटण्याजोगी वाटते. तिच्या मुळाशी एक फसवी गोष्ट आहे.

उंदराचा अल्फा-1 पंप या विषाला दाद देत नाही. प्राइस व लिंग्रेल यांनी 1988 मध्ये दाखविले की, मेंढीच्या व उंदराच्या अल्फा-1 मधील अवघी दोन अमिनो आम्ले बदलली तरी हा फरक पडतो. उंदीर-घुशींचा अल्फा-1 उवाबाइनला हजारपटींहूनही कमी संवेदनशील असतो. उंदराच्या हृदयात प्राबल्य याच अल्फा-1 चे, म्हणून माणसाला मारक ठरेल एवढी मात्रा तो सोसतो. त्याचा अल्फा-4 मात्र नाजूक. परिणामी उंदरात हृदयाला धक्का न लावता शुक्राणू गाठता येतो, आणि निसर्गाने आयतीच निवड करून दिल्याचा भास होतो.

माणसाचा अल्फा-1 उंदरासारखा निबर नाही. आपले हृदय, मूत्रपिंड, मज्जासंस्था व शुक्राणू या सर्वांतील पंप अल्प मात्रेलाही कमीअधिक सारखीच दाद देतात. शुक्राणूच्या शेपटीपर्यंत पुरेसे विष पोहोचविताना ते वाटेत हृदयाला सोडून देईल, अशी आशा बाळगायला आधार नाही. उंदराची साक्ष खोटी नसते. ती उंदरापुरती खरी असते. विषाची परीक्षा करताना कोणत्या प्राण्यावर केली हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये, आणि या वर्गातील द्रव्यांबाबत तर मुळीच नाही.

शोधनाने ही अडचण सुटते का, असा प्रश्न वैद्य निश्चित विचारील. करवीरमूळ दोलायंत्रात गोदुग्धात स्विन्न केल्याने त्याची तीक्ष्णता घटते, हे परंपरेने मानले आहे. परंतु मात्रा घटणे वेगळे आणि निवड येणे वेगळे. उरलेल्या रेणूंना हृदयाचा पंप कोणता व शुक्राणूचा कोणता, हे शोधनाने कळू लागत नाही.

ती निवड आणण्याचे काम प्रयोगशाळेत मात्र सुरू आहे. 2018 साली मिनेसोटा विद्यापीठातील गुंडा जॉर्ज व ब्लँको यांच्या गटांनी उवाबाइनच्या रेणूची साखर काढून टाकली आणि लॅक्टोनच्या जागी ट्रायझोलचे कडे बसविले. या नव्या संयुगाने अत्यल्प मात्रेत उंदराचा अल्फा-4 रोखला, शुक्राणूंची गती घटविली आणि अल्फा-1, 2 व 3 यांना तुलनेने फारसा उपद्रव दिला नाही. उंदराचे अल्फा-2 व 3 माणसाप्रमाणेच संवेदनशील असल्यामुळे या निष्कर्षाला वजन आहे. तरी ज्या अल्फा-1 च्या बाबतीत उंदीर व माणूस वेगळे पडतात, तेथील प्रश्न उंदरावरून सुटत नाही. आणि हेही लक्षात घ्यावे की, एवढी फेरमांडणी केल्यावर तो रेणू कण्हेरीचाही राहिला नाही आणि उवाबाइनचाही. ‘कण्हेरीपासून पुरुषांची गोळी’ अशा मथळ्याखाली त्याचा हवाला देणे ही वाचकाची दिशाभूल होय.

सरकीतील गॉसिपॉलचा इतिहास येथे आठवतो. 1970 च्या दशकात चीनमध्ये हजारो पुरुषांवर त्याच्या चाचण्या झाल्या. शुक्राणू घटले, पण काहींच्या रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर घसरला आणि काहींची जननक्षमता औषध थांबवूनही परत आली नाही. शेवटी तो मार्ग सोडून द्यावा लागला.

चिकित्सालयात

आपल्याकडे हा विषय गर्भनिरोधापेक्षा वंध्यत्वाच्या दारातून अधिक येतो. असा रुग्ण डोळ्यांसमोर आणावा : वय बत्तीस, लहानपणी संधिवाताचा ज्वर होऊन हृदयाची झडप आकुंचलेली, नाडी विषम, म्हणून काही वर्षांपासून डिगॉक्सिन व मूत्रल औषध चालू. विवाहाला चार वर्षे झाली, अपत्य नाही. वीर्यतपासणीत संख्या ठीक, पण पुढे सरकणारे शुक्राणू कमी. (जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या सहाव्या आवृत्तीनुसार पुढे सरकणाऱ्या शुक्राणूंची संदर्भमर्यादा 30 टक्के व एकूण गतीची 42 टक्के आहे, तपासणीपूर्वी दोन ते सात दिवस संयम अपेक्षित.) तो वैद्याकडे येतो ते वाजीकरणासाठी, आणि हृदयाच्या गोळ्यांचा उल्लेख करण्याचे त्याला कारणच वाटत नाही.

डिगॉक्सिनची उपचारातील रक्तपातळी मिलिलिटरला साधारण 0.5 ते 0.9 नॅनोग्रॅम, म्हणजे एक नॅनोमोलरच्या आसपास. मानवी अल्फा-4 ज्या पातळीला दाद देऊ लागतो, तिच्यापासून ही फार दूर नाही. म्हणून या रुग्णाची मंद गती डिगॉक्सिनमुळेच, असे म्हणता येते का? नाही. काचपात्रात धुतलेल्या शुक्राणूंवरील परिणाम आणि शरीरातील परिणाम यांत रक्त, वृषण व वीर्यद्रव असे अनेक पडदे आहेत. पण शक्यता नोंदवावी, आणि त्याच्या हृदयरोगतज्ज्ञाला पत्र लिहून कळवावी. ठेका काबूत ठेवण्यास दुसरे औषध त्याला चालेल का, हा निर्णय त्यांचा. डिगॉक्सिन आपण होऊन बंद करण्याचा सल्ला वैद्याने कदापि देऊ नये. अपत्यप्राप्तीच्या नादात पिताच गमावण्याची वेळ यायची.

याहून निकडीचा धोका मात्र आपल्याच चिकित्सेत दडलेला आहे. वाजीकरणापूर्वी संशोधन हा शास्त्राचा दंडक. या रुग्णाला त्रिवृत् वा सनायचे विरेचन दिले की पोटॅशियम घटतो. त्यावर यष्टीमधूचे चूर्ण दुधातून मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने चालविले की तो आणखी घटतो, कारण ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिनमुळे मूत्रावाटे पोटॅशियम अधिक जातो. मूत्रल गोळी तेच काम आधीपासून करीत आहे. वर सांगितलेली प्रतिस्पर्ध्याची गोष्ट येथे आठवावी : डिगॉक्सिनची गोळी तीच, मात्रा तीच, परंतु पंपावरील तिची पकड दुणावते. हृल्लास, अरुची, दृष्टीला पिवळसर झाक, नाडी अकस्मात मंद वा अधिकच विषम, ही लक्षणे दिसताच ती विरेचनानंतरची ग्लानी समजून स्वस्थ बसू नये. अशा रुग्णाला विरेचन टाळावे, यष्टीमधु गाळून पाठ बदलावा, आणि चिकित्सेपूर्वी रक्तातील पोटॅशियम व मूत्रपिंडाचे कार्य तपासून घ्यावे. यवक्षारासारखे पोटॅशियमबहुल क्षार देऊन भरपाई करण्याचा मोहही धरू नये, कारण मूत्रपिंड दुबळे असल्यास तोही अपाय ठरतो.

दुसरा प्रश्न प्रत्येक मंदगती रुग्णाला विचारावा : त्वचारोग, मूळव्याध वा सांधेदुखीसाठी कोणी दिलेला लेप, तेल, पुडी चालू आहे काय? करवीराची तेले बाह्योपचारासाठी आहेत. फाटलेल्या, स्रवणाऱ्या त्वचेवर विस्तृत प्रमाणात लावल्यास ती बाह्य राहतीलच असे नाही. शंका आल्यास प्रयोगशाळेतील डिगॉक्सिनची रक्तचाचणी काही अंशी उपयोगी पडते. ओलिअँड्रिन तिच्यात डिगॉक्सिनसारखेच उमटू शकते. आलेला आकडा मात्र मात्रा म्हणून वाचू नये. द्रव्य रक्तात आहे एवढेच तो सांगतो. संशयित द्रव्य थांबविल्यावर वीर्यतपासणी सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा करावी, कारण शुक्राणू तयार होऊन बाहेर येण्यास तेवढा अवधी लागतो.

बिट्टीच्या बिया खाऊन आलेला रुग्ण हा तर सर्वस्वी आत्ययिक. श्रीलंकेत जाफना व इतर भागांत या बियांच्या आत्मघातकी सेवनाची साथच पसरली होती. तेथेच 2000 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डिजिटॅलिसविरोधी प्रतिपिंडांनी हृदयाचा ठेका सावरतो असे सिद्ध झाले. असा रुग्ण चिकित्सालयात एक क्षणही न थांबविता हृदयनिरीक्षणाची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावा.

औषधिनिर्मात्यांसाठी

करवीर म्हणून येणाऱ्या कच्च्या मालात बिट्टीचे मूळ वा साल मिसळलेली नाही ना, हे प्रत्येक खेपेस पाहावे. बिट्टी मूळची अमेरिका खंडातील. चरक-सुश्रुतांचे करवीर ती असणे शक्य नाही, आणि ‘पीत करवीर’ या नावाची बिलावरील नोंद तिला करवीराचा दर्जा देत नाही. अर्क व करवीर ही दोन्ही द्रव्ये औषधे नियमांच्या अनुसूची ई (1) मध्ये आहेत. त्यांपासून केलेल्या आभ्यंतर औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना इंग्रजी व हिंदी दोन्ही भाषांत ठळक छापणे नियम 161 अन्वये बंधनकारक आहे. छोट्या डबीवर जागा नाही म्हणून ती सूचना तळाशी बारीक अक्षरांत दडविण्याची प्रथा आढळते. ती बंद व्हावी. तेलाच्या बाटलीवर ‘केवळ बाह्योपयोगार्थ’ याबरोबर ‘जखमेवर लावू नये’ हे मराठीतही छापले तर कायद्याची हरकत नाही आणि रुग्णाची सोय होते.

राहता राहिले पुरुषांच्या गर्भनिरोधक चूर्णाची वा वटीची मागणी घेऊन येणारे व्यापारी. त्यांच्याकडे उंदरांवरील शोधनिबंधाची प्रत असते. ती वाचावी, त्यातील प्राणी कोणता ते पाहावे, आणि पाठात करवीर, अर्क वा बिट्टी यांपैकी काही असल्यास नकार लेखी कळवून त्याची प्रत आपल्या दप्तरी ठेवावी.